शिवांजलीची वही

सांगली, १२ मे १९९५

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी मॅट्रिक झाले तेव्हा तू म्हणाला होतास, "मास्तरीण हो, दुपारी घरी येता येतं." ते खरं ठरलं. वीस वर्षं मी दुपारी घरी येते आहे.

तुझी शिवांजली मजेत आहे, नीट जेवते. बारावीचा निकाल लागेपर्यंत नोकरी करणाऱ्यांना भेटून त्यांचं काम समजून घ्या, असं कॉलेजातल्या बाईंनी सांगितलंय, म्हणून वही घेऊन हिंडते. काळजी नको, मी सोबत असते.

परवा जतला गुरांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. एक मेंढपाळ त्यांनाच विचारत होता, "आवं बाई, डागदर कवा येणार?"

सुई भरता भरता त्या म्हणाल्या, "आलाय की! मेंढी धरा."

मेंढी शिवांजलीनं धरली. परतताना एसटीत तिच्या कपड्यांना वास येत होता आणि ती आपली हसत होती.

घरी आल्यावर वही उघडून मलाच म्हणाली, "आत्या, तुला काय व्हायचं होतं?" हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी चहा ठेवायला उठले.

वहिनीचा गुडघा कसा आहे?

तू तिचा डी.एड.चा फॉर्म आणून ठेवलायस, ठाऊक आहे. गुरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज शिरवळला आहे, आपल्याच सातारा जिल्ह्यात, तुमच्या घरापासून जवळ. तू नाहीच म्हणशील, तरी मागते. त्या फॉर्मवर सही करण्याआधी एक दिवस सांगलीला ये, आणि तिनं मला विचारलं ते तू तिला विचार.

तुझी धाकटी,
अंजना