मागच्या स्पीकरमधला आवाज

मात्सुमोतो,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय चिगुसा,

अनेक आशीर्वाद. फुकुओकात अजून स्वेटरही लागत नसेल. इथे आठवडाभर हीटर चालू आहे. माझी तब्येत ठीक. ऐकू थोडं कमी येतं, पण निवृत्त ध्वनिमुद्रकाने हे कुणाला सांगू नये. नोझावानाच्या पाल्याचं लोणचं वेगळं पाठवलं आहे. यंदा मीठ जास्त झालं, धुऊन खा.

तुझ्या बाबांचे दोन्ही गुडघे गेले आहेत. वाकून गाण्यांच्या डिस्क लावणं जमत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "नाओ, हे सगळं बसल्या जागी वाजेल असं काहीतरी कर." तीनशे चाळीस डिस्क होत्या. मी एकेक करून त्या डिजिटल साठवणीच्या एका पेटीत उतरवल्या, ती घरच्या वाय-फायला जोडली आणि दिवाणखान्यात एक लहान प्लेअर बसवला. आता ते फोनवर बोट ठेवतात आणि गाणं सुरू होतं. शिवाय माझ्याकडे पडून असलेले स्पीकर नेले. पुढे तीन, मागे दोन.

"मागे कशाला?" ते म्हणाले. "मी काय पाठीने ऐकतो?"

"दाजी, सभागृहात आवाज पाठीकडूनही येतो."

"सिनेमावाल्यांची खेळणी. मेहुण्याचा आहेर हा असाच, कामाला कमी आणि जागा अडवायला पुढे."

पहिल्या दिवशी खेळणंही चाललं नाही. प्लेअर पाचही आवाजांची भेळ करून पुढच्या दोन स्पीकरमधून सोडत होता. मागचे दोघे मुके. एक वायर बदलली, सेटिंगमधलं दोन काढून पाच केलं, तेव्हा कुठे जमलं. ऑर्गनची एक डिस्क लावून पाहिली. पाठीमागून भिंतींवर आदळून येणारा घुमारा ऐकून त्यांनी आवाज आणखी वाढवला, म्हणजे आवडला.

हे गेल्या रविवारी दुपारी झालं. मग ते म्हणाले, "आता आपली लाव."

आपली म्हणजे बाबा चालवायचे त्या गायनवृंदाची. जुन्या शाळेच्या लाकडी सभागृहात २००५ साली मी केलेली. ती पेटीत दोन रूपांत होती. एक दोन स्पीकरसाठी, एक पाचसाठी. तुझे बाबा एकोणीस वर्षं पहिलीच ऐकत आले. मी तीच लावू शकलो असतो. त्यांना काही कळलं नसतं.

मी पाचची लावली.

त्या ध्वनिमुद्रणाच्या दोन आठवडे आधी बाबांनी तुझ्या आईला वृंदातून काढलं होतं, हे तुला माहीत आहे. तेवीस बायकांपैकी एकटीलाच. तरी ताई त्या दिवशी आली. सगळ्यांना गरम पाणी दिलं, शेवटच्या रांगेत जाऊन बसली आणि तिसऱ्या गाण्यात आपला भाग हळू आवाजात म्हणायला लागली. पुढे कुणालाच ऐकू गेलं नाही. पण सभागृहाचा घुमारा टिपायला मी मागे दोन माइक लावले होते. नंतर तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "नाओ, माझं तोंड आपोआप चाललं. पूस ते. लोक हसतील." मी हो म्हटलं. पुसलं नाही, फक्त पाचच्या रूपात राहू दिलं.

रविवारी तिसरं गाणं सुरू झालं. तुझ्या बाबांनी चहाचा पेला उचलला होता, तो तसाच हातात राहिला. त्यांनी मान वळवली. मागे फक्त पुस्तकांचं कपाट आणि स्पीकर.

"कोण गातंय?"

"ताई."

ते गाणं संपेपर्यंत त्याच दिशेने बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा लाव." असं तीनदा. तिसऱ्यांदा त्यांचा उजवा हात गुडघ्यावर ताल धरत होता. शेवटी म्हणाले, "हिचा स्वर कुठेच खाली जात नाही."

"नाही जात."

"खाली पुढच्या वृंदातली कुणीतरी जातेय. हिला काढल्यावरही जातेय."

"हो."

चिगुसा, इथे मला थांबावंसं वाटतं, पण लिहितो. वृंदात एक आवाज उतरतोय हे तुझ्या बाबांच्या लक्षात आलं नव्हतं. तालमीत हेडफोन माझ्या कानाला होते. मीच त्यांना सांगितलं, "खालच्या पट्टीतली तिसरी उतरतेय." तिसरी कोण हे मला माहीत होतं. मोठ्या कंपनीतला ध्वनिमुद्रक म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. बहीण आहे म्हणून कान बंद केले असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं. चूक तिच्या शेजारणीची होती. नंतर मागच्या माइकमध्ये ताई एकटी ऐकू आली तेव्हा मला कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. डिस्कचं कौतुक व्हायला लागलं होतं. मी बोललो नाही. तीन वर्षांनी ती गेली.

अंत्यविधीच्या दिवशी तू बाबांना म्हणालीस, "आईला तुम्ही आधीच गप्प केलं होतं." मी तुमच्या दोघांच्या मधे उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

म्हणून रविवारी मी विचारलं, "दाजी, त्या दिवशी चिगुसाला खरं का नाही सांगितलंत?"

"काय खरं? तू एक मत दिलंस. काढलं मी."

"तरी."

"अरे, पोरीची आई गेलेली. माझ्यावर ती चिडलीच होती. मामाही गमावला असता तर तिने रडायचं कुणाकडे?" मग पेल्यात बघून म्हणाले, "चहा गार झाला. दुसरा कर."

मी केला. पुन्हा या विषयावर आम्ही बोललो नाही. हे पत्र लिहितोय हे त्यांना माहीत नाही. माहीत असतं तर लिहू दिलं नसतं. सोमवारी फोन केला तेव्हा मागे तेच तिसरं गाणं चालू होतं. म्हणाले, खुर्ची फिरवून घेतली आहे, कपाटाकडे तोंड करून.

तू गेली सोळा वर्षं दर नवीन वर्षाला त्यांना दोन मिनिटांचा फोन करतेस आणि मला तासभराचा. तो तास मी घेत राहिलो. बाबांनी तुझ्यासाठी एक मामा राखून ठेवला होता. तो तुला हवा की नको, हे आता सगळं कळल्यावर तूच ठरव.

नाओहितो