माझं भगदाड, तिचा अहवाल

आवं सर, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, पण तिच्यावरचा माझा जळफळाट काही थांबला नाही. ती म्हणजे तीच, आष्ट्याहून एसटीनं यायची ती, शेंगांच्या व्यापाऱ्याची पोरगी, पहिल्या बाकावर बसणारी. पलूसला खताच्या दुकानाच्या वर तुमचा क्लास. मिलिटरीच्या सिग्नल म्हणजे संदेशवहन खात्यातून रिटायर होऊन तुम्ही आम्हाला हॅकिंग शिकवत होता, म्हणजे चोराच्या आधी आपण शिरून मालकाला कच्ची जागा दाखवायची. आणि तुमचा तो हट्ट! तुमच्याच जुन्या कॉम्प्युटरवर हात चालवायचा, तरी आधी तुमच्याच नावानं परवानगीचा अर्ज. "सही झाल्याबिगर बटनाला हात न्हाई लावायचा." मी दहा मिनिटांत आत शिरायचो, तिला तास लागायचा. पण ती अर्ज फुलस्केपवर समास सोडून लिहायची आणि तुम्ही तो सगळ्या वर्गाला दाखवायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

म्हणूनच तर दूध संघाच्या वेबसाइटमध्ये शिरलो मी, कुणाला न विचारता. सगळ्या सभासदांचे मोबाइल नंबर उघडे पडलेले. यादी छापून थेट चेअरमनच्या टेबलावर ठेवली. वाटलं, शाल-नारळ देतील. तो म्हणाला, "पोलिसात देऊ का रं तुला?" तुम्ही आलात, माझ्यासाठी हात जोडलेत. मला मोटारसायकलवर बसवून परत आणलंत. क्लासच्या जिन्यात थांबून म्हणालात, "तुझी बोटं लय चालत्यात गड्या. पर तुला दुसऱ्याचं घर राखायचं न्हाई, आत शिरल्याचं दाखवायचंय." आणि पुढच्याच आठवड्यात संघाचं रीतसर पत्र आणून तेच काम तिला दिलंत! भगदाड मी शोधलेलं, अहवालावर नाव तिचं. जाताना तुमचा लॅपटॉपही तिलाच. मी रडलो नाही, पण त्या दिवशी जेवलोही नाही.

आता मी पुण्यात हेच काम करतो, बऱ्या हुद्द्यावर आहे. ती आष्ट्यात पोरींना हे शिकवते. चार दिवसांपूर्वी सांगलीच्या एका कॉलेजात तिचं भाषण होतं, मागं बसून ऐकत होतो. तुमचं नाव ती हक्कानं घेते आणि मला वाटतंय, अरे, सर काय हिच्या एकटीचे होते? घरी आलो आणि तिच्या क्लासची वेबसाइट चाचपत बसलो. तासाभरात सापडलं. शिकायला येणाऱ्या साठ-सत्तर पोरींचे पत्ते, फोटो, मोबाइल नंबर, कुणालाही दिसतील असे.

तिचा नंबर आहे माझ्याकडं. एक फोन केला तर अर्ध्या दिवसात ती ते बुजवेल. आता तू तिथं काय करत होतास, असं ती विचारेल, पण तेही मी एक वेळ सोसेन. अडलंय ते निराळ्याच गोष्टीवर, आणि तुम्ही हयात नाही म्हणूनच हे लिहायचं धाडस होतंय. ते सापडल्यावर मला लय बरं वाटलं, सर. आज चौथा दिवस. पोरींचे पत्ते अजून उघडेच आहेत.