आत्याचा वाकडा दात

दि. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. नमस्कार पोचला असं धर आणि पुढचं नीट बसून वाच, कारण मला सांगायचंय एक आणि सुचतंय भलतंच.

मी साहेबीण झाले. आमच्या कवळ्यांच्या कारखान्याच्या मालकीण डॉक्टरीणबाई, त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी मला सगळ्यांची मुख्य केलं. सगळ्यांची म्हणजे चौघांची: साचे ओतणारा प्लास्टरवाला, पॉलिशला बसणाऱ्या दोघी जावा आणि मास्तर. मेणात दात बसवायला मला ज्यांनी हाताला धरून शिकवलं, तेच मास्तर. आता मी त्यांची साहेब. सांगताना हसू येतं.

साहेबाने करायचं काय असतं गं? एक टेबल दिलं, दाराची किल्ली दिली, झालं. मी आत शिरले की जावांच्या गप्पा बंद. प्लास्टरवाल्याने रजा मागितली, मी दिली आणि मग दिवसभर त्याचे साचे मीच ओतत बसले. मास्तर बारा वर्षं मला अगं-तुगं करायचे, ते आता अहो बाई म्हणतात. ही चेष्टा की मान, काही कळत नाही.

एक मात्र जमतंय. सकाळी सगळ्यांच्या तासभर आधी जाते आणि आदल्या दिवशीचं काम बघते. कुठे कड खरखरीत असते, कुठे दात रेषेबाहेर. ते गुपचूप नीट करून ठेवते. कुणाला बोलायला नको, कुणाचं मन दुखायला नको. मास्तरांनी बसवलेले दात तर हल्ली बरेचदा सरळ करावे लागतात. वय झालं त्यांचं, दुसरं काय.

तुझी कवळी सैल झालीय म्हणालीस. तिथल्या डॉक्टरकडून माप घेऊन पाठव, नवीही मास्तरच करतील. मागच्या वेळी दिला होतास तो तरुणपणीचा फोटोही त्यांनी परत मागितलाय.

लोभ आहेच, या खेपेला बरोबर थोडी अक्कलही पाठव.

तुझी
खारू

दि. १५ फेब्रुवारी

चि. खारूस,

अ. आ. पत्र दोनदा वाचलं. लहानपणी पेन्सिली कुरतडणारी आमची खार साहेब झाली, याचा आनंद मी शेजारणीला पकडून सांगितला. तिला फारसं कौतुक वाटलं नाही.

मी वॉर्डची सिस्टर झाले तेव्हा पहिला महिनाभर सगळ्या खाटांच्या चादरी स्वतःच बदलत होते आणि पोरी चहा पीत बसत होत्या. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा तुला काय सांगू? मन न दुखवता काम होतंय तर बिघडलं कुठे, असं एकदा वाटतं. मग वाटतं, चूक ज्याची त्याला कळायला नको का? पण मास्तर वयस्कर माणूस. त्यांना सांभाळून घे, चाललंय तसं चालू दे. बघ बाई, मला खात्री नाही.

माप आणि फोटो पाठवतेय. फोटोत तोंड उघडं टाकून हसतेय, म्हणून तुझ्या बापाने तो कधी भिंतीवर लावू दिला नाही.

जेवणखाण वेळेवर करावं आणि आत्याची आठवण ठेवावी.

तुझी
आत्या

दि. २० मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. कवळीचं पार्सल, तुझ्या फोटोसकट, वेगळं पाठवलंय. बाकी इथे सगळा गोंधळ आहे.

जावांना माझं सकाळचं काम कळलं असावं, कारण त्या आता कडा तशाच सोडून जातात. मी तास वाढवला, दीड केला, तरी पुरत नाही. या महिन्यात नऊ कवळ्या परत आल्या. मी जास्त काम करतेय आणि काम बिघडतंय, हे कसं काय, मला खरंच उमगत नाही.

आणि काल मास्तरांनी राजीनामा दिला. म्हणाले, दोनदा डोळे तपासले, डोळे चांगले आहेत. संध्याकाळी दात एका जागी बसवतो आणि सकाळी ते दुसऱ्या जागी दिसतात. डोळे चांगले म्हणजे डोकंच जातंय. घरीही गॅस बंद केला का ते बायकोला चार-चारदा विचारतात म्हणे. कुणाच्या तोंडात भलतेच दात जाण्याआधी मला सोडा, असं ते हात जोडून म्हणाले. माझ्यापुढे हात जोडून.

आत्या, खरं काय ते मी सांगितलं नाही. महिनाअखेरीपर्यंत थांबा एवढंच म्हणाले. त्यांना मोडायचं नव्हतं म्हणून तर मी बोलत नव्हते ना? आता काय करू ते कळव, लवकर कळव.

तुझा लोभ पुढच्या पत्रापर्यंत टिकला तर बरं.

खारू

दि. २९ मार्च

चि. खारूस,

अ. आ. कवळी तोंडात छान बसली. आरशात बघितलं तर कुणी दुसरीच बाई हसत होती. माझा वाकडा दात कुठे गेला?

वरचा, डावीकडचा, शेजारच्यावर चढलेला. तुझ्या आतोबांनी त्या दातावरून मला जन्मभर चिडवलं. खरे दात गेले तेव्हा मास्तरांनी मुद्दाम विचारलं होतं, सरळ हवा की होता तसा. मी होता तसा म्हणाले. पुढे आतोबा गेले, दात राहिला. या वेळीही मास्तरांनी फोटो मागवला, म्हणजे त्यांच्या सगळं लक्षात होतं. तेव्हा त्यांनी तो तसाच बसवला असणार आणि मग कुणीतरी सरळ केला. कुणी, ते मी विचारत नाही.

चाललंय तसं चालू दे हे मीच लिहिलं, ती चूक माझी. पण खारू, तू एका शहाण्या माणसाला वेड्यात काढलंस. त्यांना हे तूच सांगायचं. पत्र मिळेल त्या दिवशी सांगायचं. मला राग आलाय आणि तुझी काळजीही वाटतेय, दोन्ही एकदम.

फोटो आणि कवळी परत पाठवतेय. तोवर जुनी सैल आहे.

रागावलेली, तरी तुझीच
आत्या

दि. ५ एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. सांगितलं. काल पॉलिशचं मशीन बंद करायला लावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

मास्तरांनी विचारलं, किती दिवस. मी अडीच महिने म्हणाले. मग विचारलं, कुठल्या कुठल्या कवळ्या. मला सांगता येईना. सकाळच्या घाईत मी चिठ्ठीवरची नावंसुद्धा वाचत नव्हते, तुझंही वाचलं नाही. कितीक लोक परके दात घालून हिंडत असतील, देव जाणे. ते म्हणाले, तुला मी हे शिकवलं होतं का. मला परत ‘तू’ म्हणाले, इतक्या दिवसांनी. मग पिशवी उचलून निघून गेले. आज आलेले नाहीत.

थोरल्या जावेने न मागता माझ्यापुढे चहा ठेवला. कीव आली की आपली मानली, कोण जाणे. दाराची किल्ली मी सगळ्यांच्या हाताला येईल अशी खिळ्यावर अडकवलीय. तुझा फोटो आणि कवळी मास्तरांच्या टेबलावर ठेवलीय. ते आले नाहीत तर काय करायचं, मला माहीत नाही.

लोभ मागायचं तोंड नाही, म्हणून इथेच थांबते.

खारू

दि. १७ एप्रिल

श्रीमती ताईंस,

स. न. वि. वि. तुमचा-माझा पत्रव्यवहार नाही, तरी कवळीसोबत दोन ओळी लिहितो.

तुमच्या भाचीने सांगितलं त्या दिवशी फार संताप आला. घरी जाऊन पडलो आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपलो. उठल्यावर बायकोला म्हणालो, माझं डोकं ठिकाणावर आहे. ती रडायला लागली. कोणता दात कुठे बसवला ते लिहून ठेवायची एक वही केली होती, ती फाडली. राग गेला असं मात्र समजू नका. तो कधी जाईल, सांगता येत नाही.

पाच दिवसांनी कामावर गेलो. राजीनामा परत घेतला, पण तो अजून खिशात आहे. तिला सांगितलं, जे खुपेल ते माझ्या तोंडावर बोल. आता रोज झालेलं काम तिच्यासमोर ठेवतो. भांडते. दहातले दोन माझे खरंच चुकतात, तेही ऐकून घेतो. जावांनाही परवा तिने कडा परत घासायला बसवलं.

तुमचा दात फोटो बघून होता तसा बसवला आणि तिच्यापुढे ठेवला. ती बराच वेळ बघत होती. हात मात्र लावला नाही.

कवळी बसली की एकदा हसून बघावं, आणि कसं दिसतं ते तिला कळवावं. मला तीच सांगेल.

आपला
मास्तर