पडद्याचा गंज

प्रिय ताई,

म्हणजे बायकांच्या गोष्टीत मी तोंड घालायचं नाय, हेच ना तुझं? फोन कापलास म्हणून लिहायला बसलोय. सातवीत शाळा सोडली तरी एवढं येतं. कागद मध्येच कसा कापशील?

आईचं आठव. मी तिसरीत होतो. मासेमारीची बंदी लागली, होड्या वर ओढल्या, आणि करंजातल्या बायका निघाल्या, "पिशवी काढून टाकू, दर महिन्याची कटकट नको, नारळी पुनवेला परत टोपली उचलू." आई पस्तिशीची. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली. का, ते कुणी विचारलं नाय. तिची टोपली तूच वाहिलीस.

आता सुकटीतला खडा ती बोटांनी चाचपते. माझा चेहरा तिला मधोमध पुसलेला दिसतो. दिवाळीत पनवेलला डोळे दाखवायला नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी आधी पाळी कधी गेली ते विचारलं. आईने तोंडात पदर धरला. मी भिंतीवरची अक्षरं बघत बसलो, पण कान उघडे होते. बाई म्हणाल्या, डोळ्याच्या मागच्या पडद्याला उजेड झेलून झेलून गंजासारखं काहीतरी लागतं. अंडाशयातलं इस्ट्रोजेन तो थोपवायला मदत करतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांचं अजून पक्कं नाय. आईचं त्यानेच झालं असं त्या म्हणाल्या नाहीत, वयाचं आणि उन्हाचंही बोलल्या. पण मी इथे विशाखापट्टणमच्या गोदीत रोज गंजच खरवडतो. खाऱ्या हवेत प्रायमर नसलेल्या पत्र्याचं काय होतं, ते मला विचार. चांगला बसलेला प्रायमर कुणी हाताने उतरवतं का?

काल जीवन भावोजी बोलले, तुझीही तारीख ठरलीय, बंदीतच उरकायचं. ताई, गाठ आहे, रक्त जातं, मान्य. पिशवी काढावीच लागली तर काढ, मी आडवा येणार नाय. पण तू बत्तीसची. अंडाशयं ठेवता येतील का, एवढं आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचार. आईला सोबत ने. या वेळी पदर तोंडात नाय धरणार ती, मी तिच्याकडून वदवून घेतलंय. नवीन पनवेलची गिऱ्हाइकं चार दिवस मासळीवाचून मरत नाहीत. तू रागावशील, विचुंब्यात घरभर भांडी आपटशील, आणि मग जाशील. ओळखतो मी तुला.

तुझाच भांडखोर भाऊ,
जगन

सोनोग्राफी, दुसऱ्या डॉक्टरांची फी आणि दोघींची रिक्षा धरून भावोजींच्या नाय, तुझ्या खात्यात टाकलेत: सहा हजार रुपये.