एर्हूच्या जागी व्हायोलिन

बाबा,

आधी नमस्कार, मग भांडण. मी वेळेवर जेवतो, खोलीही कोरडी आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या वाद्यवृंदात एक बाई एर्हू हे चिनी वाद्य वाजवतात. काल संचालकांनी त्यांना थांबवलं आणि मला म्हणाले, "दोन तारांचं खेळणं ते. यांचा भाग तुम्हीच व्हायोलिनवर वाजवा."

मी उभा राहिलो. "साहेब, तारा मोजून वाद्य जोखू नका. आमचा गज तारांवरून फिरतो, यांचा दोन तारांमध्येच अडकलेला असतो. आमच्या बोटांखाली लाकडी पट्टी असते, यांच्या बोटांखाली नुसती हवा. मी वाजवून पाहिलंय. पट्टी लागेल म्हणून तार दाबत गेलो आणि सूर चढतच गेला. हा आवाज व्हायोलिनमधून निघणार नाही."

"भाषण झालं? उद्या वाजवा, नाहीतर व्हायोलिनची पेटी उचला आणि चालू लागा."

बाहेर बाई म्हणाल्या, "वाजवून टाक रे. तुझ्यामागे घर आहे." त्यांच्यामागेही आहे, बाबा.

मी वाजवणार नाही. कदाचित लवकरच घरी येईन. आईला तुम्हीच सांगा, तुम्हाला थोडक्यात जमतं.

तुमचा,
बोलघेवडा