कायोटीचा डबा

प्रिय डेल,

सहा वर्षांत ख्रिसमसच्या कार्डाखेरीज मी तुला ओळ लिहिलेली नाही, आणि तूही कार्डावर सहीपलीकडे शाई खर्च केली नाहीस. त्यामुळे हे जाड पाकीट बघून तुला वाटेल कोणीतरी मेलं. कोणी मेलेलं नाही. म्हणजे कोकरांखेरीज कोणी नाही. मेंढ्या व्यायला लागून तीन आठवडे झाले आणि एकोणीस कोकरं कायोटींनी, लांडग्याच्या त्या धाकट्या भावंडांनी नेली. नेली म्हणते खरी, पण अर्धी तर नेतही नाहीत. गळ्याला धरतात, पोट फाडतात, आतलं दूध खातात आणि बाकीचं माझ्यासाठी कुंपणाशी टाकून जातात. मेंढी सकाळभर त्या चिंध्यांपाशी उभी राहून हाका मारते. तो आवाज तुला माहीत आहे.

थोरला कुत्रा शरदात गेला, नाहीतर त्याने निभावून नेलं असतं. बाबांची जुनी बावीसची बंदूक आहे, पण ती बिळातले खारीसारखे प्रेरी डॉग टिपायला ठीक. दीडशे वारांवरच्या कायोटीला ती फार तर गुदगुल्या करील. आणि आर्लनची ती २४३ बंदूक मी शेरीफकडून परत घेतलीच नाही. दोनदा पत्र आलं, मी चुलीत घातलं. तेव्हा गेल्या मंगळवारी गाडी काढली आणि टॉर्गरसनच्या दुकानात गेले नवी बंदूक घ्यायला. बावन्न वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी बंदूक निवडायला निघाली होती.

टॉर्गरसन अजून तसाच आहे. दात कमी झाले, बोलणं वाढलं. त्याने तीन बंदुका काढून फळीवर मांडल्या आणि लग्नाची स्थळं सांगावीत तशा एकेकीच्या खोडी सांगायला लागला. ही २२३, गोळ्या स्वस्त, खांद्याला धक्का नाही, स्वभाव गरीब. पण आपल्या वायोमिंगच्या वाऱ्यात दोनशे वारांपलीकडे बहकते. ही २२-२५०, सुतासारखी सरळ जाते, कायोटी जागच्या जागी बसतो; पण खर्चिक, नळी लवकर खाते आणि आवाजाने कानठळ्या बसतात. आणि ही आपली २४३, लेटा, हिच्यात हलकी गोळी घाल, कायोटी पडतो. जड घाल, हरीण पडतं. घरात एकीने भागतं.

माझ्या स्वयंपाकघरातलं तुमचं भांडण आठवतंय ना तुला? अख्खा हिवाळा तू आणि आर्लन माझ्या टेबलावर कोपरं टेकून त्यावरच भांडत होतात आणि माझी कॉफी संपवत होतात. आर्लनचं म्हणणं, एक बंदूक, एक दुर्बीण, गोळी बदलली की काम बदललं. तू म्हणायचास, दोन कामांना दोन बंदुका घे, नाहीतर कधीतरी गल्लत होईल. त्यावर त्याने तुला काय ऐकवलं होतं, की तुला ना बायको ना मेंढ्या, तुझ्या बापाचं काय जातंय. आणि तू हसून म्हणालास, माझा बाप तोच तुझा सासरा, त्यालाच विचार. मीही आर्लनच्याच बाजूने बोलले होते. दोन बंदुकांची चैन मला नको होती. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे गावातल्या एकालाही आठवलं नाही की गल्लत होईल असं सांगणारा तूच होतास.

तर मी फळीशी उभी असताना एक तरुण बाई आली. नदीपलीकडचं नवं बिऱ्हाड, लग्नाला वर्षही झालं नसेल. तिला २४३ हवी होती. टॉर्गरसनने तिच्यापुढे दोन डबे ठेवले आणि सांगितलं, बाई गं, हे दोन कधी मिसळायचे नाहीत. हलकी गोळी गोठलेल्या जमिनीवर आपटली की तिचा भुगा होतो. हरणाची जड गोळी फुटत नाही, बर्फावरून उसळी मारून पुढे जाते. आमच्याकडे एका शहाण्याने तेच केलं. डबा न बघता हरणाच्या गोळ्या भरल्या, कायोटीवर झाडली, आणि गोळी कायोटीतून निघून तळ्याच्या बर्फावर उडाली ती थेट त्याच्या सख्ख्या मेव्हण्याच्या छातीत. या लेटाचाच तो भाऊ. विचार तिला, असं म्हणाला. ती पोरगी पांढरीफटक पडून माझ्याकडे बघायला लागली. दर गिऱ्हाइकाला तो हे सांगत असणार, डेल. सहा वर्षं तुझं नाव त्या दुकानात असं वापरलं जातंय. आणि मी मान हलवली. हो म्हणून मान हलवली आणि बंदूक न घेता बाहेर आले.

गाडीत बसल्यावर मला स्वतःची किळस आली.

आता काडतुसं भरायच्या बाकाचं सांगते. त्या हिवाळ्यात आर्लनचा खांदा धरला होता, यंत्राचा दांडा त्याला ओढवेना. म्हणून जानेवारीपासून काडतुसं मी भरत होते. तुला वाटायचं तोच भरतो, आणि त्याने कधी तुझा समज मोडला नाही. पुरुषाला बायकोच्या हातची बिस्किटं सांगायला आवडतात, बायकोच्या हातची काडतुसं नाही. मला ते काम आवडायचं. झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळं पुसायची, दारू तोलायची, गोळी बसवायची, वहीत लिहायचं. फेब्रुवारीच्या शेवटी हलक्या गोळ्या संपल्या. पंचाहत्तर ग्रेन वजनाच्या तीसच निघाल्या आणि डबा पन्नासांचा. वीस पितळं तयार होऊन पडली होती. मी त्यांत शंभर ग्रेनच्या, हरणाच्या बसवल्या. दारू त्यांच्या मापाने बरोबर घातली, वहीतही बरोबर लिहिलं. आणि मग त्या वीस मी त्याच डब्यात मागच्या ओळींत ठेवल्या. उद्या वेगळा डबा शोधू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मेंढ्या व्यायला लागल्या आणि मी ते साफ विसरले.

त्या आमच्या गोळ्या बाहेरून जुळ्या बहिणी होत्या. दोन्हींचं टोक शिशाचं, फरक सगळा पितळाच्या गळ्याखाली. तू बघितलं असतंस तरी तुला कळलं नसतं. डब्यावर माझ्या अक्षरात कायोटी लिहिलं होतं, तू कायोटीवर निघाला होतास, तू तो डबा उचललास. याहून वेगळं कोणी काय करायचं? आणि झाडलीसही आर्लनच्या दिशेने नाही. तो तळ्यापलीकडे गवताच्या गंजीशी बसलेला तुला माहीत होतं, तू चांगली तीस पावलं बाजूला धरली होतीस. बाबांनी लहानपणी आपल्याला प्रेरी डॉगच्या बिळांपाशी पालथं पाडून शिकवलं होतं, आधी मागे काय आहे ते बघ, मग पुढचं बघ. तू बघितलं होतंस. हलकी गोळी असती तर ती त्या कायोटीतच संपली असती.

शेरीफने गोळी तोलली आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, हरणाची आहे. मला त्याच क्षणी कळलं. मी खुर्चीत होते, मांडीवर आर्लनचा कोट होता, तू दाराशी उभा होतास. त्याने तुला विचारलं, कुठल्या डब्यातून घेतलीस? तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस ते मला सांगता येणार नाही. मग म्हणालास, घाईत हाताला लागला तो डबा घेतला, बघितलं नाही. मी तोंड उघडलं नाही. नवरा गेला होता, आणि तो माझ्या हाताने गेला हे ऐकायची माझ्यात ताकद नव्हती, एवढंच कारण आहे. नंतर ताकद आली, तोवर सगळ्यांना तुझी सवय झाली होती. दफनाला तुझ्या शेजारी कोणी उभं राहिलं नाही. एप्रिलमध्ये तू गाडी भरलीस, तेव्हा मी खिडकीतून बघत होते. कुठे जातोस, हेसुद्धा विचारायला बाहेर आले नाही.

तुला ठाऊक होतं का रे? हा प्रश्न मला सहा वर्षं खातोय. बाकावर मी बसते हे तुला कळलं होतं का? डबा तूच परत फडताळात ठेवलास, झाकण खाली करून, माझं अक्षर दिसणार नाही असा. ठाऊक असून गप्प राहिलास तर मी तुझ्या तोंडाकडे बघायच्या लायकीची नाही. ठाऊक नसेल तर त्याहून वाईट, कारण मग तू इतकी वर्षं दुसऱ्याचं पाप स्वतःचं समजून उचलतोयस. दोन्ही रीतींनी पांघरूण माझ्यावरच पडलं.

काल शनिवारी मी परत दुकानात गेले. मुद्दाम शनिवार निवडला, कारण तेव्हा सगळे शेगडीभोवती जमतात. नऊ माणसं होती. तीन वाक्यांत सांगितलं, डबा माझा, अक्षर माझं, भरणारी मी. टॉर्गरसन फळी पुसत राहिला. मग मी २२-२५० घेतली, कारण हरणाची गोळी तिच्यात बसतच नाही. त्याने पैसे घेतले, पण पावती देताना माझ्याकडे बघितलं नाही. तुझ्याकडे ते कसं बघायचे ते आता मला कळेल. तिथून शेरीफकडे गेले. त्याने सगळं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. पुढे काय ते तो ठरवील. हे पत्र तू माफ करावंस म्हणून नाही, आणि ये म्हणूनही नाही. काडतुसं टपालात घेत नाहीत, म्हणून त्या डब्याचं झाकण कापून सोबत घातलंय, आणि वहीतलं फेब्रुवारीचं पान. कोणी कधी पुन्हा तुला विचारलं, किंवा तूच स्वतःला विचारलंस, तर हे दाखवायला तुझ्यापाशी असू दे. अक्षर तू ओळखशील. शाळेत तुझी पाटी मीच लिहून द्यायचे.

तुझीच थोरली बहीण,
लेटा