क्रिलची वाढ आणि माझी चारशे पानं

६ जानेवारी २०२५
संकल्प केला. पीएच.डी.चा विषय : ध्रुवीय समुद्रांतील क्रिलचं वितरण आणि वाढ. क्रिल म्हणजे करंगळीएवढा, कोळंबीसारखा जीव. अख्ख्या मराठवाड्यात त्यावर मी एकटाच. शेवटची मुदत ३१ मार्च, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द, सात वर्षं वाया. रोज पाच पानं. चारशेवर जातील. कापावी लागणार.

१९ जानेवारी
मेहुण्यानं, बन्सीनं, क्रांती चौकात फ्लेक्स लावला. ‘डॉ. कारभारी यांचं हार्दिक अभिनंदन!’ मागं पेंग्विन. म्हटलं, अजून एकही पान नाही. तो म्हणाला, व्हतंय की दाजी. माणसं ओळखतो पोरगा.

२ फेब्रुवारी
वाळूजला सत्कार. शाल, नारळ. भाषणात सांगितलं, क्रिलची पिल्लं हिवाळ्यात समुद्रावरच्या बर्फाखाली शेवाळ खाऊन जगतात. बर्फ घटला की क्रिल घटतो. टाळ्या. लिहिणं झालं नाही, पण विषय रुजतोय.

२३ फेब्रुवारी
तिसरा सत्कार. आज वाचलं, खायला मिळालं नाही की क्रिल आकारानं लहान होतो. वाढलेला जीव उलटा घटतो! प्रबंध दीडशे पानांचाच करायचं ठरवलं. नेमकेपणा महत्त्वाचा.

१६ मार्च
पानं अकरा. त्यांत आभार चार. डिपार्टमेंटच्या मेहरुन्निसा मॅडमही पीएच.डी. करताहेत; दर रविवारी जायकवाडी धरणावर जाऊन झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, मोजतात. कुठं दक्षिण ध्रुव, कुठं पैठण! कीव आली.

३० मार्च, पाडवा
गावी, कन्नडला गेलो. आईनं गल्लीभर सांगून ठेवलेलं, ल्योक समुद्राचा डाक्टर झाला. ओट्यावर सत्कार. उद्या एका बैठकीत चाळीस पानं. ताजं लिखाण बरं असतं.

३१ मार्च
ईद. ऑफिसला कुलूप! हा माझ्यावर अन्याय आहे. मॅडमकडं शीरखुर्मा प्यायलो. त्यांनी प्रबंध शुक्रवारीच दिला. म्हणाल्या, सर, छुट्टी तो कॅलेंडर में थी ना?

१ एप्रिल
क्लार्क कमरोद्दीनभाई म्हणाले, काल सुट्टी होती, आज घेतो, द्या. मी पिशवीतून एकोणीस पानं काढली. त्यांनी उलटून पाहिली आणि विचारलं, बाकी का कहाँ है सर?
रजिस्ट्रेशन रद्द.

६ एप्रिल
आईला सांगितलं. लाज वाटली, लिहूनच टाकतो. ती म्हणाली, जाऊ दे. पर त्यो समुद्र असतो तरी कसा?
म्हटलं, खारट.
म्हणाली, व्हय, आन् आजून?
मी पिशवीतली एकोणीस पानं काढून त्यांत शोधू लागलो.